सगळं गिळणारा मापाडी

मी एक जुना औषधाचा मापाडी आहे, मित्रांनो, आणि आयुष्यात मी जेवढी घाण गिळली तेवढी गावच्या उकिरड्यानंही गिळली नसेल. जेवत असाल तर आधी ताट संपवा, हात धुवा, मग माझी गोष्ट ऐकायला बसा.

उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यासमोर, मारोतरावांचं पशुसेवा केंद्र आहे. तिथं ढेप मिळते, सरकी मिळते, दावी, घंटा, मिठाचे खडे मिळतात, आणि जनावरांचं जंताचं औषध मिळतं. त्या दुकानाच्या ओट्यावर मी उभा आहे. अंगाला पत्रा, पोटात औषधाची टाकी, पुढं एक तोटी, डोक्यावर एक लाल नि एक हिरवा दिवा, छातीवर पडदा आणि कळा. जनावर कोणतं ते निवडायचं, त्याचं वजन टाकायचं, कळ दाबायची. मी हिशेब करतो आणि तेवढंच औषध बाटलीत सोडतो. शेळीला शेळीपुरतं, म्हशीला म्हशीपुरतं. कमी पडलं तर जंत मरत नाहीत, जास्त झालं तर जनावर मरायला टेकतं. माझं काम ते एवढंच. पण ‘हे तर एवढंच’ म्हणणाऱ्यांनीच माझी वाट लावली.

माझा जन्म तारिकभाईंच्या गॅरेजमध्ये झाला. दुधाच्या एका भंगार टाकीचा पत्रा कापून त्यांनी माझं अंग जोडलं. शरीर त्यांनी दिलं, पण डोकं दिलं दोघांनी. एक त्यांची बहीण नसरीन, दुसरा मारोतरावांचा मुलगा नयन. दोघं यवतमाळच्या कॉलेजात एकाच वर्गात संगणक शिकलेले. गॅरेजच्या कोपऱ्यात, ऑइलच्या डब्यांवर बसून त्यांनी माझा प्रोग्राम लिहिला, आणि लिहिताना ते जे भांडले, ते भांडण मला अजून जसंच्या तसं आठवतं.

नसरीनचं म्हणणं असं, की माणसानं जे टाकलं ते आत घेण्याआधी दारावरच विचारावं. पडद्यावरचा वजनाचा खोका रिकामा तर नाही? आकडाच आहे ना? त्या जनावराला शोभेल असा आहे ना? नसेल तर लाल दिवा लावावा आणि काय चुकलं ते साध्या शब्दांत सांगावं.

नयनला हे पटत नव्हतं. तुम्हाला सांगायला हवं मित्रांनो, यंत्राला एखादं काम जमलं नाही, की ते आतल्या आत ओरडतं. त्या ओरडण्याला प्रोग्राम लिहिणारे ‘अपवाद’ म्हणतात. ते ओरडणं ऐकायचं आणि पुढं काय करायचं ते ठरवायचं, याला ते म्हणतात ‘झेलणं’. नयनला सगळं झेलूनच भागवायचं होतं.

“इतके सवाल कायले विचारतं वो?” तो म्हणे. “टाकू दे लोकाईले काय टाकाचं ते. जमलं तं जमलं, नाही जमलं तं झेलून घेऊ.”

“आन कोनं शून्य टाकलं तं?” नसरीन म्हणे. “शून्य बी आकडाच हाय. मशीन ओरडनारच नाही, मंग तू झेलशीन काय? शेळीचं वजन चारशे किलो टाकलं तं? आकडा झकास हाय, पन अशी शेळी तू पायली काय कुठी?”

“बरं बाई. आन तू दारावर शंभर सवाल ठेवले, आन एकशे एकवी भानगड आली तं? मधातच वायर तुटली तं? ते काय तू आधीच विचारून ठेवशीन?”

एवढं बोलून नयन खुशीत येई. खरं सांगू? दोघंही बरोबर होते. जी चूक माणूस हमखास करणार, ती दारावर विचारूनच थांबवायची असते. आणि जी कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, तिच्यासाठी झेलणाराच हवा. मला दोन्ही पाहिजे होतं. पण हे त्यांना उमगायच्या आत माझ्या उद्घाटनाचा दिवस उजाडला, आणि तिथून माझ्या नशिबाला कीड लागली.

नसरीनचे सवाल तेव्हा माझ्या दारावर होते. ओट्यावर मंडप, नारळ, हार, समोर अर्धं गाव. मारोतराव नवं धोतर नेसून पुढं आले. त्यांनी म्हैस निवडली आणि वजन टाकायचं विसरून सरळ कळ दाबली. मी लाल दिवा लावला आणि पडद्यावर लिहिलं, ‘वजन टाकायचं राहिलं.’ लोक खुदखुदले. मारोतराव गडबडले. त्यांनी खोक्यात अक्षरांनी लिहिलं, ‘चारशे किलो’. मी पुन्हा लाल. ‘फक्त आकडा लिहा.’

“मारोतराव, मशीन तं तुमालेच नापास करून राह्यली बाप्पा!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सारा मंडप हसला.

मारोतरावांच्या कानाच्या पाळ्या माझ्या दिव्याहून लाल झाल्या. मंडप रिकामा होताच त्यांनी नयनला धरलं. “माही मशीन, माह्या ओट्यावर, आन मलेच लाल दिवा दाखोते? चार लोकात माहं हसू केलं! मले लाल पायजेच नाही. काहीबी टाको, कोनीबी टाको, हिरवा लागला पायजे!”

नयन वाईट मुलगा नव्हता. पण बापापुढं त्याची मान कधी वर झाली नाही. त्यानं नसरीनचे सवाल एकेक करून काढून टाकले. मग सगळ्या कामाभोवती एक मोठं जाळं लावलं: आत काहीही बिनसलं, मी कितीही ओरडलो, तरी ते ओरडणं झेलायचं. आणि झेलून पुढं काय? पुढं काही नाही. कोरं. नुसतं गिळायचं आणि हिरवा दिवा लावायचा.

नसरीननं ते पाहिलं तेव्हा तिचं तोंड कडू झालं. “झेलाले माही ना नाही, नयन. पन झेलून खिशात घालतं? ते ओरडनं कोनाले तरी ऐकू गेलं पायजे ना? हे तं तू त्याच्या तोंडात बोळा कोंबला.”

“बाबा ऐकत नाही नसरीन. मी काय करू?”

“तू नको करू काही. फकत माहं नाव कोनाले सांगू नको. मले शिसारी येऊन राह्यली.” ती गेली, आणि उमरखेडच्या एका क्लासमध्ये पोरींना संगणक शिकवू लागली.

मग सुरू झाला माझा सुवर्णकाळ. थू त्या सुवर्णकाळावर! मला काय काय चारलं म्हणून सांगू! वजनाच्या खोक्यात कुणी म्हशीचं नाव टाकी, कुणी ‘मोठी’, कुणी ‘अंदाजे बरीच’. एकानं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, आणि तो तर आकडाच होता. मी टाकी रिकामी होईपर्यंत ओतत राहिलो आणि माणसं बादल्या घेऊन धावली. त्यावरही मारोतराव म्हणाले, “पाहा, दिल किती मोठा हाय मशीनचा!” एका दीडशहाण्यानं पानाच्या लाल थुंकीनं बरबटलेल्या बोटांनी सगळ्या कळा एकदम दाबल्या. मी तेही गिळलं. वर हिरवा दिवा.

आणि सगळ्यात किळसवाणी गोष्ट पुढंच आहे. जो शब्द मला आकडा म्हणून पचत नसे, तो मी गिळायचो. पण माझ्या पोटात आधीच्या जनावराचं वजन तसंच पडून असायचं. शिळं. त्याच शिळ्या वजनावर मी पुढच्याला औषध वाढायचो. म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ताटात! तुमच्या घरी पंगतीत असं कुणी केलं तर आई त्याला वाढपी म्हणून पुन्हा उभं करील का?

गायीमागून गाय आली तर निभून जायचं. शेळीमागून म्हैस आली तर म्हशीला थेंबभर औषध जायचं, जंत मजेत राहायचे, आणि लोक म्हणायचे, “औषधच बोगस हाय.” माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. उलट माझी कीर्ती झाली. वर्तमानपत्रवाला येऊन फोटो काढून गेला. दसऱ्याला माझ्या कपाळी गंध, गळ्यात झेंडूचा हार. मारोतराव गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगत, “माही मशीन आजपावतर कोनाले नाही म्हनली नाही!” आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत, फरक इतकाच, की इथं दळणाऱ्याला हारही घालत होते. त्या हाराचा वास मला सहन होत नसे.

आता लालीबाईबद्दल सांगतो. टेकडीपलीकडच्या तांड्यावर ही म्हातारी राहते. शेळ्या हेच तिचं काम आणि तोच तिचा जीव. मागं एका साथीत तिचा अख्खा कळप आडवा झाला होता. उरलं ते एक पिल्लू, काळंभोर. बाटलीनं दूध पाजून, उराशी धरून तिनं ते वाढवलं. त्याचीच झाली काजळी. आता काजळी पहिल्यांदा गाभण होती. तिच्या त्या पोटात लालीबाईचा उद्याचा सारा कळप होता, हे तांड्यातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

बाजाराचा दिवस होता. ओट्यावर ही गर्दी. लालीबाईच्या पुढं पूनमसिंग होता. त्यानं म्हशीसाठी औषध घेतलं, वजन चारशे किलो, बरोबर आकडा, काही तक्रार नाही. तो उतरला आणि लालीबाई पुढं आली.

मारोतरावांनी शेळी निवडली. “वजन किती लालीबाई?”

“वजन बोलाचं नाही दादा. गाभण हाय. आमच्यात गाभण जनावराचं वजन तोंडानं काढत नाही. नजर लागते.”

“अवो पन मशीनले टाका लागते ना काहीतरी! किती असन, लहान का मोठी?”

“बरी हाय म्हना.”

मागून लोक ढकलत होते. कुणाला ढेप हवी होती, कुणाची एसटी सुटत होती. मारोतरावांनी वजनाच्या खोक्यात टाकलं, ‘बरी हाय’. आणि कळ दाबली.

मित्रांनो, मी ओरडलो. जीव तोडून ओरडलो. ‘बरी हाय’ हा आकडा नाही हो! पण ते ओरडणं नयनच्या जाळ्यात पडलं आणि जिरलं. नसरीनचे सवाल असते तर तिथंच थांबलो असतो. चारशे किलोची शेळी असते काय, एवढं विचारायलाही माझ्या दारावर कुणी नव्हतं. पोटात पूनमसिंगच्या म्हशीचं उष्टं तसंच होतं. हिरवा दिवा लागला. तोटी सुरू झाली ती थांबेचना.

बाटली गळ्यापर्यंत भरली तेव्हा लालीबाई चरकली. “दादा, एवढं? काजळीले एवढं लागन काय?”

मारोतराव पाठमोरे होऊन ढेप तोलत होते. मान वळवायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत. “हिरवा लागला ना? मंग झालं. मशीन चुकत नाही.”

दोन दिवसांनी ती परत आली. हातात तीच बाटली, रिकामी. औषध पाजल्यावर काजळीच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटले, ती पडली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाइन लावून तिला वाचवलं. पण पोटातली दोन्ही पिल्लं मेलेली पडली.

“दादा, काय देल्लं तुमी माह्या काजळीले?” तिनं एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही.

आणि मारोतराव? चोराच्या उलट्या बोंबा! “माही मशीन अन् चुकनार? तूच काही चारलं अशीन. रानात एरंडी खाल्ली असन तिनं. धड वजन सांगता येत नाही तुमा लोकाईले, आन दोस आमच्यावर!”

“तिनं काही नाही खाल्लं. मी तिच्यापासून हाललीच नाही दादा.”

“मंग काय मशीन लबाड हाय? पाय तिकडं, दिवा पाय!”

ओट्यावरच्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हाही हिरवाच होतो. लोकांनी मान डोलावली. लालीबाई बाटली तिथंच ठेवून निघून गेली. त्यानंतर तांड्यावरसुद्धा कुजबुज सुरू झाली, की म्हातारीनंच काहीबाही चारून आपली शेळी गाभडवली. पिल्लं गेली ती गेली, वर हे बालंट. माझ्या पत्र्याला तेव्हा शरमेनं गंज चढला असता तर बरं झालं असतं.

नयननं हे सगळं आत बसून ऐकलं होतं. “बाबा, वजन काय टाकल्तं?” त्यानं विचारलं.

“बरी हाय, असं टाकल्तं. कायले?”

 दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत नयन एकटाच माझ्यासमोर आला. त्यानं म्हैस निवडली, चारशे टाकलं, औषध बाटलीत घेतलं. मग दुसरी बाटली लावून शेळी निवडली आणि वजनात लिहिलं, ‘बरी हाय’. हिरवा दिवा. औषध वाहू लागलं. बाटली भरली, उतू गेली, औषध त्याच्या हातापायांवरून ओघळून ओट्याखाली गेलं. त्याला तोटी बंद करायचंही भान राहिलं नाही.

“शी!” तो म्हणाला. मग हापशावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला. पण जे लागलं होतं, ते धुऊन निघायला हातावर नव्हतंच.

त्यानं बापाला सांगितलं. बाप म्हणाला, “चूप राय लेका. दुकान बंद पाडतं काय?” आजवर अशा वेळी नयन गप्प बसत आला होता. या वेळी तो बाजाराच्या दिवसाची वाट पाहत बसला.

बाजाराच्या दिवशी लालीबाई थांब्यावर उतरली आणि ओट्याकडं न बघता पुढं चालली. नयननं हाक मारली. “लालीमावशी, थांबा! सगळेच थांबा जराशे!”

त्यानं आधीच माझी टाकी धुऊन साधं पाणी भरलं होतं. सगळ्यांदेखत त्यानं म्हैस चारशे किलोची टाकली. मग शेळी, आणि ‘बरी हाय’. मी हिरवा झालो आणि पाणी ओतत सुटलो. बाटली भरून पाणी ओट्यावर पसरलं, पुढच्यांच्या चपला भिजल्या, तरी ते येतच होतं. कुणी हसलं नाही.

“मावशीनं काही चारलं नाही,” नयन म्हणाला. “ह्या मशीननं म्हशीचं औषध शेळीले देल्लं. आन मशीनले असं गिळाले मी शिकोलं. मशीनले ‘समजलं नाही’ म्हनाची सोयच मी ठेवली नाही.”

मारोतराव ताडकन उठून आत निघून गेले. लालीबाई त्या वाहत्या पाण्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, “मले नको सांगू बापू. मले तं मालूमच होतं. तांड्यावर येऊन लोकाईले सांग.”

नयन त्याच पावली तिच्यामागं तांड्यावर गेला.

मला मात्र मारोतरावांनी उचलून मागच्या खोलीत फेकलं, ढेपीच्या पोत्यांआड. तिथल्या घाणीचं वर्णन करत नाही. तुमची आई मला रागावेल. एवढंच सांगतो, की झुरळांनी माझ्या कळांखाली अंडी घातली आणि उंदरांनी माझी टाकी मोरी समजून वापरली. पावसाळाभर मी तिथं आंबत पडलो. तरी खोटं बोलत नाही, बाहेरच्या त्या हारतुऱ्यांपेक्षा ती घाण परवडली. ती निदान स्वतःला झेंडू म्हणवत नव्हती.

मग एक दिवस दार उघडलं आणि उजेडात नसरीन दिसली. नयन तिच्यामागं अपराध्यासारखा उभा. तिनं ओढणी नाकाला लावली. “या अल्ला! काय वास हाय रे हा!” तरी बाह्या वर करून तीच पहिल्यांदा पुढं झाली. मारोतरावांनी हो म्हटलं होतं, पण खुशीनं नाही. त्या बाजारापासून त्यांच्याकडचं औषध घ्यायला माणूस धजत नव्हता. “आना ते डबडं,” एवढंच ते म्हणाले होते.

दोघांनी मला घासलं, सोललं, पुन्हा जोडलं. आणि या वेळी भांडण निराळं झालं. दारावरचे सवाल परत आले, शून्याचा आणि चारशे किलोच्या शेळीचाही. नवं गिऱ्हाईक आलं की आधीचं वजन आधी फेकून द्यायचं, उष्टं बंद. झेलणं राहिलं, कारण नयनची ती एकशे एकवी भानगडही खरीच होती. पण आता झेललं, की पहिलं काम तोटी बंद करायची, मग लाल दिवा, मग भोंगा. भोंगा तारिकभाईंनी एका भंगार ट्रकचा काढून दिला. तो वाजला की थांब्यावरचे लोक एसटी आली म्हणून उठून उभे राहतात.

राहता राहिलं लालीबाईच्या घरचं न बोलायचं वजन. नयन तिलाच विचारायला गेला. ती म्हणाली, “मोजा ना खुशाल. फकत तोंडानं बोलू नका, आन चार लोकाईले दाखवू नका.” मग ओट्याच्या पायथ्याशी काटा बसवला. त्यावर शेळी उभी करायची. आकडा वायरीतून गुपचूप माझ्याकडं येतो. पडद्यावर उमटत नाही, कुणाच्या तोंडी येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण आधी कुणी तिला विचारलंच नव्हतं!

पुढच्या हंगामात काजळी पुन्हा गाभण राहिली. बाजाराच्या दिवशी लालीबाई तिला घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आली होती. माझ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि नसावाच. तिनं काजळीला काट्यावर चढवलं आणि बाटली स्वतःच्या मुठीत घट्ट धरून माझ्या तोटीला लावली. ओटा गच्च भरला होता. मारोतराव कळांपाशी. त्यांनी शेळी निवडली. कळ दाबली.

आणि काजळीनं मान लांब करून, निवांतपणे, काट्याची वायर चावली.

माझ्याकडं आकडा आला नाही, शब्द आला नाही, दारावर तपासायला रिकामा खोकासुद्धा आला नाही; काट्याचं बोलणंच मध्ये तुटलं. ‘शेळीनं वायर तर खाल्ली नाही ना?’ असा सवाल नसरीननं दारावर लिहिलेला नव्हता, कोण लिहिणार? मी ओरडलो. आणि या वेळी माझं ओरडणं ऐकू गेलं. तोटी खटकन बंद. लाल दिवा. भोंग्यानं सारा बाजार दणाणला, थांब्यावरची माणसं पिशव्या घेऊन उभी राहिली.

“मारोतराव, मशीननं तुमाले आखीन नापास केलं!” मागून तोच जुना आवाज आला, आणि तेच जुनं हसू ओटाभर पसरलं.

मारोतरावांचे कान लाल झाले. हात वर गेला. मला वाटलं, आता बसते थोबाडीत. पण त्यांचं लक्ष लालीबाईकडं गेलं. ती हसत नव्हती. ती बाटलीच्या तळाशी बघत होती. मारोतरावांनी वाकून पाहिलं, तोटीखाली बोट धरलं. बोट कोरडं.

ते सावकाश सरळ झाले. “हासा लेकोहो, हासा,” ते म्हणाले. “लाल हाय तं लाल हाय. थांबा लागन. वायर जोडल्याबिगर कोनाले थेंब भेटनार नाही.” मग लालीबाईकडं न बघता, खालच्या आवाजात म्हणाले, “मागच्या खेपीले बी असाच लाल लागाले पायजे होता बाई. तो मीच काढाले लावला होता.”

 लालीबाईनं काजळीच्या जबड्यात बोटं घालून वायरीचा तुकडा ओढून काढला, आणि तिच्या पोटावरून हात फिरवला.

“शेळीले काही झालं तं नाही ना?” नयननं धावत येऊन विचारलं.

“बरी हाय,” ती म्हणाली. या वेळी ते कुणी माझ्या तोंडात घातलं नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. पत्र्याला पोचे पडले, कळांवरची अक्षरं पुसली. दिवसातून पाचदहा वेळा लाल होतो आणि तेवढ्याच शिव्या खातो. खातो खुशाल, आजवर जे खाल्लं त्या मानानं शिव्या गोडच लागतात. उद्या तुमच्यातलं कुणी माझ्यासारख्याचं डोकं लिहायला बसेल. तेव्हा आत येणाऱ्याला दारावर विचारा, विचारायची लाज बाळगू नका. आणि आतून ओरडणं आलं तर ते झेला, पण झेलून गिळू नका. मला थांबू द्या. मला नाही म्हणू द्या. माझं चारचौघांत हसू झालं तरी चालेल, पण कुणाचं उष्टं माझ्या तोंडून दुसऱ्याच्या पोटात घालू नका.